शंभरी आणि मागची सीट

गाडीचं नाव मी लिहीत नाही. चांगलं लिहिलं तर जाहिरात केली म्हणतील, आणि वाईट लिहिलं तर भांडायला येतील. कारण परभणीत ती ज्याच्याकडे नाही असा माणूस आता शोधावा लागतो. तिला सगळे शंभरी म्हणतात. जपानी इंजिन, शंभर सीसी. बसस्टँडजवळच्या भिंतीवर तिचं चित्र रंगवलंय: गॉगल घातलेला तरुण कड्यावर गाडी उभी करून ढगांकडे बघतोय. आमच्या जिल्ह्यात कडा शोधायचा तर जिंतूरच्या पलीकडे जावं लागतं, बाकी सगळी सपाट काळी जमीन. तरी कापूस विकून आलेल्या माणसाला, नोकरी लागलेल्या पोराला, मांडवात अडून बसलेल्या नवरदेवाला, सगळ्यांना हीच हवी असते.

मी शाळेत भूगोल शिकवतो. शंभरीआधी माझ्याकडे जुनी पावणेदोनशे होती. ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून प्यायची, निळा धूर सोडायची, आणि गल्लीत शिरली की बसलेल्या म्हशी उठायच्या. ती विकून ही घेतली तेव्हा मित्र म्हणाले, "मास्तर, तुमी दोन्ही चालवल्याव. ही खरंच एवढी भारी हाय, का लोक एकाचं बघून एक घ्यायलेत? रानावनात घालून बगा आन् खरं काय ते सांगा."

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत निघालो. एकटा नाही. लग्नाला वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात मी अर्धा महाराष्ट्र पालथा घातला, आणि माझ्या बायकोने, सुमनने, परभणी ते माहेर एवढाच रस्ता पाहिला. मला एका जागी टेकवत नाही. थांबलं की पुढे काहीतरी आपल्यावाचून घडून जातंय असं वाटतं. तिला बरोबर न्यायचं मनात यायचं, पण मन तयार होईपर्यंत मी निघालेला असायचो. या वेळी मीच विचारलं. तिने हातातलं पीठ झटकलं आणि अट घातली.

"येते. पर मला ओझ्यासारखं न्हेलं, तर ही पयली आन् ही शेवटची. मंग जलमभर तुमी हाव आन् तुमची गाडी हाय. नीट न्हेलं, तर उन्हाळ्यात माहूरला बी येते."

ती चेष्टा करत नव्हती.

जिंतूर

आमच्याकडची बाई नवऱ्याच्या मागे एका अंगाने बसते. पदर डोक्यावर, आणि दोघांच्या मध्ये पिशवी. हात नवऱ्याच्या खांद्यावर नाही, मागच्या कॅरिअरला. परभणीत नव्या सुना आता खांदा धरू लागल्यात. त्या दिसल्या की सुमन दुसरीकडे बघते. पिशवी मध्येच हवी हे कुणी कुणाला शिकवताना मी ऐकलेलं नाही, पण ते सगळ्यांना येतं.

शंभरीचा पहिला गुण असा की ती अर्ध्या किकमध्ये सुरू होते. दुसरा, आवाज करत नाही. पावणेदोनशेवर बसून बोलायचं म्हणजे विहिरीतल्या माणसाशी बोलणं. शंभरीवर मान थोडी वळवली की बोलता येतं. मग काय, झरी गावाच्या आधीपासूनच मी सुरू झालो: ही काळी जमीन कशी झाली, दुधना नदी कुठून येते, ज्वारी इथे इतकी का पिकते. गळ्यातला मफलर कानाला गुंडाळलेला. तिकडून काही उत्तर येतंय की नाही याची मला गरज वाटली नाही. वर्गातही वाटत नाही.

जिंतूरच्या अलीकडे रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या होत्या. एसटी सकाळपासून बंद होती. विद्यापीठाच्या नामांतरासाठी रास्ता रोको होता. निळे झेंडे, घोषणा, उन्हात लाल झालेले चेहरे. त्यातला एक तरुण पुढे आला आणि माझ्या पाया पडला. माझाच जुना विद्यार्थी.

"सर, एक इचारू का? शाळेत तुमी ह्याच्यावर कधी बोलला न्हाईत. नामांतराचं तुमचं काय मत हाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "साठच्या वर ॲव्हरेज देते. रस्ता चांगला असला तर जास्तच."

तो हसला आणि फांदी ओढून बाजूला केली. "जाऊ द्या रे. सरांसंगं बाई हाईत."

बरंच पुढे गेल्यावर मागून आवाज आला, "त्यानं गाडीचं इचारलं नव्हतं."

"हो."

"मंग?"

मी गिअर बदलला. माझं मत त्या मुलाच्या बाजूचं आहे. ते मी इथे लिहितोय, तिथे बोललो नाही. दोन्हींतला फरक मला कळतो.

मुक्काम जिंतूरला माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी झाला. सकाळी वाटीभर शेंगदाणे घातलेला सुशीला खाल्ला. मुरमुऱ्यांचा हा पदार्थ पुण्याकडच्या पाहुण्यांना दिला की ते चिवडा भिजलाय का म्हणून विचारतात. आमच्याकडे त्याच्याशिवाय सकाळ होत नाही. मग गाडीची चेन आवळायला चौकातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याच्यापुढे तीन पावणेदोनशे उघड्या पडलेल्या होत्या.

"शंभरी कशी आहे हो?" मी विचारलं.

"बेक्कार."

"का?"

"बिघडतच न्हाई, साहेब. ह्या पावणेदोनशेनं माजी दोन लेकरं शिकवली. शंभरीवाला वर्षातनं एकदा येतो, हवा भरतो, रामराम करून जातो." त्याने माझी चेन आवळली, सीटवर थाप मारली आणि नाइलाजाने कबूल केलं, "पर इंजिन खरं हाय. मागं माणूस बसलं का न्हाई, तिला कळतच न्हाई."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. विकणारा हेच म्हणतो, घेणाराही हेच. मी मान डोलावली.

येलदरी

धरणाकडे जाताना रानातून एक जवळची वाट आहे असं कुणीतरी सांगितलं. जवळची वाट म्हटली की मी जातोच. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. शंभरीचा खरा दोष इथे कळला. पुढचं चाक आणि मडगार्ड यांच्यात इतकी थोडी जागा की काळा चिखल तिथे गच्च बसतो आणि चाक फिरेनासं होतं. पावणेदोनशेच्या मडगार्डखालून मांजर गेलं असतं. मी बाभळीची काटकी घेऊन चिखल उकरायचो, थोडं पुढे जायचो, पुन्हा उकरायचो. सुमन चपला हातात घेऊन मागून चालत येत होती.

"चित्रातल्या त्या गॉगलवाल्याला इकडं आणा की," ती म्हणाली. "काटकी मी देते त्याला."

धरणावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या धावत होत्या. भिंतीच्या खालच्या अंगाला भोई लोक जाळी वाळवत होते. सुमनने डबा उघडला. धपाटे, दही, लसणाची चटणी. एका भोयाला तिने दोन धपाटे दिले, तर त्याने आधी "ॲव्हरेज किती देती?" हे विचारलं आणि मग खाल्ले. या जिल्ह्यात दुसरा प्रश्न कुणाला पडत नसावा.

खाऊन झालं आणि मी उठलो. चेन बघितली, टायर दाबला, उन्हं कुठे आली ते बघितलं. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती.

"निघायचं?"

"आत्ता तर बसले."

"नेमगिरीही बघून होईल. तिथल्या गुंफांत..."

"एवढं पाणी एका जागी थांबायलंय," ती वळून न बघता म्हणाली, "तुमाला थांबायला काय होतंय?"

मी हसलो. तिने पदर झटकला आणि ती उठली. नेमगिरी आम्ही पाहिली, पण घाईत. आज मला तिथलं काही आठवत नाही. तिचं बसलेलं आठवतं.

ताडकळस

परभणीला परत येऊन दुसऱ्या दिवशी माहेरच्या बाजूने निघालो. पिंगळीला रेल्वेचं फाटक बंद होतं. तिथे चहा घेतला आणि फाटक उघडायच्या आधीच मी गाडी सुरू करून ठेवली. ताडकळसला पोचलो तर बाजाराचा दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाजी, मिरची, बांगड्या, दोरखंड; आणि मधोमध ऊसतोडीला निघालेल्या लोकांची ट्रॅक्टरची ट्रॉली फसलेली. ट्रॉलीवर भांडी, गोधड्या, कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर निवांत बसलेली एक म्हातारी. दिवाळी संपली की आमच्याकडची गावं अशी अर्धी रिकामी होतात.

ट्रॉलीच्या कडेने चिखलातून गाडी काढायची होती. सुमन उतरली. तिने पिशवी हातात घेतली. मी पायांनी रेटत, घसरत गाडी पलीकडे काढली आणि इंजिन चालू ठेवून थांबलो. मागून ती आली. सीट खाली दबली. मी निघालो.

बाजार मागे पडला, रस्ता मोकळा झाला, आणि इतका वेळ कोंडलेलं माझं बोलणं सुटलं. ट्रॉली बघून ऊसतोडीचं सुचलं होतं. कोरडवाहू जमीन, कारखान्यांचा पट्टा, माणसं का जातात, मुलांच्या शाळेचं काय होतं, हे सगळं मी सांगितलं. पुढे तिच्या गावाकडे आत वळलो तेव्हा पाण्याच्या विषयावर होतो. गाडी छान चालली होती. खड्ड्यातूनही इंजिन कुरकुरत नव्हतं. मित्रांना हे सांगायलाच हवं, असं मनात आलं.

मेहुण्याच्या दारात पोचलो. तो, माणिकराव, पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभाच होता.

"...म्हणून इथल्या विहिरींचं पाणी मचूळ लागतं, कळलं का?" असं म्हणून मी इंजिन बंद केलं.

"रामराम, दाजी," माणिकराव म्हणाला. "कुणासंगं बोलायलाव?"

मी मागे बघितलं. सीटवर पिशवी होती. तिचे बंद कॅरिअरला अडकवलेले. तिने आधी पिशवी ठेवली होती. सीट दबली ती पिशवीने.

"ताई कुठं हाय?"

"इथंच होती," मी म्हणालो. खरंच असं म्हणालो.

माणिकरावाकडे साडेतीनशे आहे, तालुक्यात एकच. तो तिला किका मारेपर्यंत मी अर्ध्या वाटेवर होतो. त्या वाटेवर माझ्या मनात काय काय आलं ते सांगत नाही. एवढंच सांगतो की वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक लुगड्याकडे मी बघत होतो, आणि तिने त्या दिवशी कोणत्या रंगाचं नेसलंय हे मला आठवत नव्हतं.

ट्रॉली अजून तिथेच होती. सुमन नव्हती. रस्त्याच्या कडेला भजी तळणाऱ्या एका बाईने माझ्याकडे बघून झारा हवेतच धरला.

"आगं बया, ह्योच न्हवं का त्यो! ओ, तुमीच मास्तर का?"

"हो. बाई कुठे गेल्या?"

"कुठं जातील? तुमी टाकून गेलाव ना! लय हाका मारल्या त्यांनी. पयल्यांदा 'ओ, ओ' म्हणायल्या. तर समदा बाजार वळून बगायला. हितं प्रत्येकाची बायको 'ओ'च म्हणती की! मंग 'मास्तर' म्हणाल्या. तर तिकडनं दुसराच मास्तर 'काय बाई?' म्हणत आला." आजूबाजूचे हसले. तीही हसली, मग थांबली. "तुमी तर चाललाव पुढं. मंग त्यांनी तुमचं नाव घेतलं."

"नाव?"

"वसंतराव! आसं. मोठ्यानं. भर बाजारात. पदर पडला डोक्यावरचा, तरी ध्यान न्हाई. दोनदा घेतलं. म्या तर जलमात आसं ऐकलं न्हाई, मास्तर." तिने भजी उलटवली. "त्येंच्या गावची बैलगाडी चालली व्हती पांदणीच्या वाटेनं. तिच्यात बसून गेल्या. खाता का दोन?"

वीस वर्षांत सुमनने माझं नाव घेतलेलं नाही. लग्नातल्या उखाण्यातही बायकांनी आग्रह केला तेव्हा लाजून तोंड झाकलं होतं. ते नाव आता ताडकळसच्या बाजारात मिरचीवाल्याने ऐकलं, दोरवाल्याने ऐकलं, ट्रॉलीवरच्या म्हातारीने ऐकलं. मी ऊसतोडीच्या कारणांवर बोलत होतो.

माहेरी

मी परतलो तेव्हा ती ओसरीवर बसून भावजयीबरोबर शेंगा निवडत होती. लुगडं हिरवं होतं. माझ्याकडे बघितलं नाही.

"मी हाका मारल्या," ती शेंगांना म्हणाली.

"कळलं मला."

"कुणी सांगितलं?"

"भजीवाल्या बाईनं."

"बरं झालं. कुणीतरी ऐकलं म्हणायचं."

मी खांबाला टेकलो. माफी मागावी असं मनात होतं आणि तोंडातून आलं ते असं: "ही गाडीच अशी आहे. मागे कोणी बसलं की नाही ते कळतच नाही. जुन्या गाडीच्या मागच्या सीटला स्प्रिंग होती, कुरकुर करायची. तिच्यावर असं झालं नसतं."

माणिकराव हे ऐकून पुढे सरसावला. "बरूबर हाय दाजी. शंभरी म्हंजे सायकल. माज्या साडेतीनशेवर तर माशी बसली तरी कळतंय."

सुमनने सूप खाली ठेवलं.

"तुज्या गाडीवर बायको बसली का कधी? इचार की तिला, हितंच हाय." भावजय मान खाली घालून हसली. "आन् तुमी. गाडीनं टाकलं का मला? गाडीला काय म्हाईत. दोघंबी मला गाडीचं नाव सांगू नका."

दुपारी तिने भावाला सांगितलं की ती एसटीने परत जाईल. माझ्याशी ती त्याबद्दल बोललीच नाही. अट तिला आठवत होती आणि मला तर होतीच.

पुढचे दोन दिवस मी त्या ओसरीवर बसून काढले. निघून जावंसं सारखं वाटत होतं. हिंडायला मळा होता, नदी होती, गाडी दारात होती, तरी मी बसलो. बसण्याशिवाय मला दुसरी शिक्षा सुचली नाही, आणि ती मला फार जड गेली. पाय हलत राहायचे. शेजारची माणसं येऊन विचारायची, "हेच का टाकून आलेले पाव्हणे?" आणि मग, "ॲव्हरेज किती देती?"

बसल्या बसल्या मित्रांना काय सांगायचं ते ठरवलं. शंभरी खपते त्यात खोटं काही नाही. पेट्रोल कमी पिते, बिघडत नाही, एसटी बंद असली तरी माणूस पोचतो. चिखलात मात्र पावणेदोनशे उजवी, आणि पक्क्या रस्त्यावर साडेतीनशे, जर ती सुरू झाली तर. भिंतीवरचं चित्र आमच्यासाठी नाही. रानात घालायची असेल तर काटकी बरोबर ठेवावी. लोक एकाचं बघून एक घेतात हेही खरं, पण पहिल्याने घेतली ती विचार करूनच घेतली असणार. राहिला तो एक गुण, सगळे ज्याचं कौतुक करतात तो. मागे माणूस आहे की नाही हे गाडीला कळायची गरज नाही. ते चालवणाऱ्याला कळायला हवं. एवढी साधी गोष्ट मला ओसरीवर बसून कळली, आणि ती कुणाला सांगायची मला लाज वाटत होती.

परत

निघायच्या सकाळी मी एकटाच गाडी पुसत होतो. सुमन चपला घालून बाहेर आली. हातात काही नव्हतं.

"पिशवी?"

"माणिक पाठवील मागनं." ती गाडीजवळ येऊन उभी राहिली. "आईकडचा ह्यो रस्ता मी एसटीच्या खिडकीतनंच बघितला आजवर. दोन दिस एका जागी बसलाव, म्हणून आज बगते. पर आज मी बोलणार. तुमी बोलायचं न्हाई, नुस्ता हुंकार द्यायचा. आन् माजा आवाज बंद झाला, की गाडी बंद."

"बरं."

"मफलर काढा."

मी मफलर काढून खिशात कोंबला. ती बसली. मध्ये काही नव्हतं, हात मात्र कॅरिअरलाच. माणिकराव दारातून बघत होता.

आणि ती बोलायला लागली. आधी चुलीपासून चुलीपर्यंत, कुणाची सून कशी आणि कुणाचं लेकरू कुणावर गेलंय. मी "हं, हं" करत होतो. ताडकळसच्या बाजाराच्या जागेवर आज नुसता वाळत आलेला चिखल होता. तिथून जाताना तिचा आवाज जरा चढला, पण थांबला नाही. मग लहानपणीचं निघालं. ती नदीत पोहायची. पुराच्या पाण्यात पलीकडे जाऊन यायची, भावाला पाठीवर घेऊन.

"हं?" मी म्हणालो. हे मला माहीत नव्हतं.

"नुस्तं हं. इचारायचं न्हाई."

"हं."

"जिंतूरच्या त्या पोराला मी सांगितलं असतं. म्हणले असते, द्या की नाव, तुमचं बी हाय आन् आमचं बी हाय विद्यापीठ. पर तुमी ॲव्हरेज सांगायला लागलाव."

"हं."

वारा होता. कपाशीच्या रानात बायका वेचणीला वाकल्या होत्या. गाडी मी इतकी सावकाश चालवत होतो की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला आणि मागे वळून बघून हसला.

"त्या दिवशी मला भ्या वाटलं," ती म्हणाली. "तुमी येणार न्हाईत, ह्याचं न्हाई. तुमी याल, ते ठावं होतं. तुमाला कळणारच न्हाई, ह्याचं भ्या वाटलं. घरापस्तोर जाल, जेवाल, आन् मंग कुणीतरी इचारील."

मी गाडी आणखी सावकाश केली. मग हुंकार दिला.

त्यानंतर मागून काही ऐकू आलं नाही. मी एक क्षण वाट बघितली. चाकांचा आवाज, वारा, दुसरं काही नाही. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी तिरपी झाली, माझा पाय चिखलात गेला, आणि सुमन धाडकन माझ्या पाठीवर येऊन आदळली.

"काय झालं वो?"

"तू गप्प झालीस."

"श्वास घ्यायले होते!" ती ओरडली. "आता श्वास बी घेऊ नको का?"

पुढे गेलेला सायकलवाला थांबून बघत होता. ती माझ्या पाठीपासून बाजूला झाली, पदर सारखा केला, पुन्हा नीट बसली. मी मान मागे वळवून ती नीट बसली का ते बघितलं.

"चला," ती म्हणाली. "माजं अजून संपलं न्हाई."